उपग्रहाला धूर दिसतो, पण किती वाजताचा?

दिवाळीच्या आगेमागे एक नकाशा दर वर्षी मोबाइलवर येऊन आदळतो. पंजाब-हरयाणावर लाल ठिपक्यांचा सडा, खाली दिल्लीवर पसरलेला करडा पट्टा आणि सोबत कुणीतरी लिहिलेलं, ‘नासाचा पुरावा’. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र या नकाशाने लोकांना बुचकळ्यात टाकलंय. १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या हंगामात पंजाबात भाताची धसकटं जाळण्याच्या ७१,३०४ घटना २०२१ मध्ये उपग्रहांच्या आधारे सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. २०२२ मध्ये ४९,९२२, २०२३ मध्ये ३६,६६३ आणि २०२४ मध्ये फक्त १०,९०९. २०२५ मध्ये तर आकडा पाच हजारांच्या आसपास उतरला. त्या वर्षी पुराने भातपिकाचंच नुकसान झालं होतं हे धरलं तरी चार वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घट! आणि तरीही १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९० च्या वर होता. त्याची पट्टीच ५०० ला संपते.

आगी विझल्या आणि धूर तेवढाच राहिला, हे कसं? यावर टपरीपासून टीव्हीपर्यंत दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, सरकार आकडे लपवतंय. दोन, शेतकऱ्याला आजवर उगाच बदनाम केलं. दोन्ही घाईची आहेत. आकडा कुणी खोटा लिहिलेला नाही. तो नेमका कशाचा आकडा आहे आणि किती वाजताचा, हे आपण कधी विचारलं नाही.

## लाल ठिपका म्हणजे एक आग नव्हे

उपग्रहाने वरून फोटो काढला, त्यात ज्वाळा दिसल्या आणि कुणीतरी त्या मोजल्या, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात उपग्रह ज्वाळा बघतच नाही. तो उष्णता बघतो, आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किरण सोडत असते. २७ अंश सेल्सिअसची जमीन मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपासच्या लांब लहरी सोडते. आग मात्र ३-४ मायक्रॉनच्या आखूड लहरींत जोरात चमकते. हजारेक केल्व्हिन, म्हणजे सव्वासातशे अंश सेल्सिअसच्या आसपासची आग घेतली आणि गणित मांडलं, तर ११ मायक्रॉनला ती जमिनीपेक्षा जेमतेम ३० पट तेजस्वी भरते, पण ४ मायक्रॉनला तब्बल साडेचार हजार पट. सगळी युक्ती या फरकात आहे. उपग्रह एकाच जागेकडे दोन्ही लहरींतून बघतो. ४ मायक्रॉनमधलं तेज एकदम उसळलं आणि शेजारच्या जागेत तसं काही नसलं, की तिथे ठिपका पडतो.

या कामासाठी आज सर्वाधिक वापरलं जाणारं उपकरण म्हणजे व्हिअर्स. ते सुओमी-एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) या तीन अमेरिकी उपग्रहांवर आहे. आगीसाठी त्याचा एक चौकोन ३७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. आपल्या हिशेबात साधारण ३५ एकर. या ३५ एकरांत दीड गुंठाभर जागा धगधगत असेल तरी ४ मायक्रॉनमधलं तेज जवळपास सहापट होतं, आणि ठिपका पडायची शक्यता निर्माण होते. शक्यता म्हणतोय, कारण दिवसा ऊनही याच लहरींत थोडं परावर्तित होतं आणि निवाडा अवघड करतं.

याचा अर्थ एका ठिपक्यात एकाचं शेत जळत असेल किंवा लागून असलेल्या चौघांची. ठिपके मोजून ‘इतक्या शेतकऱ्यांनी जाळलं’ म्हणणं म्हणूनच चूक. शिवाय पोलादाच्या भट्ट्या, तेलविहिरींवर जळणारा वायू, कधी उन्हात चकाकणारी छपरंसुद्धा ठिपका पाडू शकतात. वर्षभर एकाच जागी दिसणारे असे ठिपके अभ्यासक वेगळे काढतात. व्हॉट्सॲपवरच्या नकाशात ते काढलेले असतीलच असं नाही.

## दीड वाजताची फेरी

व्हिअर्स असलेले तिन्ही उपग्रह ध्रुवीय कक्षेत फिरतात. म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून फेऱ्या मारतात आणि खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरत राहते. कक्षा अशी बेतलेली असते की कुठल्याही गावावरून ते जवळपास ठरलेल्या स्थानिक वेळेलाच जातात. या तिघांची वेळ दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. वाट थोडी सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात दुपारची नजर साडेबारा ते अडीचच्या दरम्यान कधीतरी पडते. नंतर थेट मध्यरात्री.

मग दुपारी चारला पेटवलेलं आणि सहाला विझलेलं शेत या मोजणीत कुठे येणार? कुठेच नाही. धसकटांची आग जंगलासारखी दिवसेंदिवस चालत नाही. वाळलेला पेंढा भुर्रकन पेटतो आणि तास-दोन तासांत काम संपतं.

पंजाबात याला पैशाची आणि कागदाची बाजू आहे. ठिपका पडला की त्याचे अक्षांश-रेखांश यंत्रणेकडे जातात आणि माणूस शेतावर येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला. दोन एकरांखाली ५ हजार रुपये, दोन ते पाच एकरांना १० हजार, त्यावर ३० हजार. जमिनीच्या नोंदीत लाल शेरा पडतो तो वेगळाच. अशा वेळी हा आकाशातला साहेब रोज कधी येतो हे गावाला कळायला किती वेळ लागतो?

हे नुसतं तर्कट राहिलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाशी संबंधित वायुकण-शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या जीके-२ए या उपग्रहाची चित्रं समाजमाध्यमावर दाखवली. दीड वाजता जवळपास स्वच्छ दिसणाऱ्या पंजाबावर संध्याकाळकडे धुराचे लोट उठत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने दिल्ली परिसराच्या हवा व्यवस्थापन आयोगाला दिवसभर पाहणाऱ्या उपग्रहांची माहिती मिळवायला सांगितलं. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये आयफॉरेस्ट या दिल्लीच्या संस्थेने पंधरा-पंधरा मिनिटांनी चित्र देणाऱ्या युरोपीय उपग्रहाची नोंद तपासली. २०२१ मध्ये पंजाबातल्या मोठ्या आगींपैकी दुपारी तीननंतरच्या फक्त ३ टक्के होत्या. २०२४ आणि २०२५ मध्ये त्या ९० टक्क्यांच्या वर गेल्या.

सगळं ठरवून झालं असं मी म्हणणार नाही. कॉम्बाइन यंत्र कधी मिळतं, दव उडून पेंढा कधी वाळतो, यावरही वेळ ठरते. पण ३ टक्क्यांवरून ९० टक्क्यांची उडी दवाने पडत नाही.

आणि उशिराची आग जास्त त्रास देते, ही गोष्ट या सगळ्या चर्चेत मागेच राहिली. दुपारी जमीन तापलेली असते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि धूर हजार-दीड हजार मीटरपर्यंत पसरून विरळ होतो. सूर्य कलला की ही घुसळण थांबते. रात्री घुसळणीचा थर शे-दोनशे मीटरवर येतो. साडेचारला पेटवलेल्या शेताचा धूर नेमका या आकसणाऱ्या थरात सापडतो आणि रात्रभर नाकाच्या उंचीवर राहतो. म्हणजे उपग्रहाची नजर चुकवून लावलेली आग त्याच गावातल्या पोरांच्या छातीत जास्त जाते.

## मग सतत बघणारा उपग्रह का नाही वापरत?

असे उपग्रह आहेत, भारताचे स्वतःचेसुद्धा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्याने तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो. आपल्या हवामान वृत्तांतली ढगांची चित्रं इन्सॅट-३डीआर, इन्सॅट-३डीएस अशा उपग्रहांवरून येतात. यातला ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला. कोरियाचा जीके-२ए आणि जपानचा हिमावारी दर दहा मिनिटांनी चित्र देतात.

अडचण उंचीची आहे. व्हिअर्सवाले उपग्रह आठशे-सव्वाआठशे किलोमीटरवरून बघतात, हे त्याच्या चाळीसपटीहून जास्त लांबून. इन्सॅटचा अवरक्त चौकोन चार किलोमीटरचा आहे, म्हणजे जवळपास चार हजार एकर. तेवढ्यात दीड गुंठ्याची आग शोधणं सोडाच, दोन-चार शेतं पेटलेलीही निसटतात. जीके-२ए तर पूर्वेला १२८ रेखांशावर टांगलेला आहे. पंजाब त्याला तिरका दिसतो, त्यामुळे त्याचे चौकोन आणखी ताणले जातात.

तेव्हा निवड अशी आहे की बारीक बघा पण दिवसातून दोनदा, किंवा सतत बघा पण ढोबळ. सरकारी मोजणीने पहिला पर्याय घेतला आणि तो एकटाच छापला. दोन्ही शेजारी ठेवले असते तर पाचच मिनिटांत गडबड दिसली असती.

## आग सोडा, जळलेली जमीन मोजा

हा मला सर्वांत सरळ उपाय वाटतो. आग संध्याकाळी लागली तरी काळा डाग दुसऱ्या दिवशी असतोच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा बघते आणि तिचा चौकोन १० ते २० मीटरचा असतो. एका गुंठ्याची बाजू १० मीटर, यावरून बारकावा लक्षात येईल. जळालेली जमीन लघु-अवरक्त लहरींत उजळ दिसते, हिरवं पीक त्याच्या अगदी उलट, म्हणून डाग ओळखता येतो.

यालाही खोट आहे. पंजाबात भात आणि गहू यांच्यामध्ये दोन-तीन आठवड्यांचीच फट असते. २००९ च्या भूजल कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये ढकलली, त्यामुळे कापणीही ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरवर गेली. म्हणूनच जाळण्याची घाई असते. शेत जाळलं की लगेच नांगर फिरतो, आणि पाच दिवसांनी उपग्रह येईपर्यंत डाग मातीआड जातो. मध्ये धुरकं दाटलं तर तेवढे दिवस चित्रच वाया. तरीही या पद्धतीने केलेल्या हिशेबात घट किती दिसते? आयफॉरेस्टच्या मते जळालेलं क्षेत्र २५ ते ३५ टक्क्यांनी कमी झालं. घट खरी आहे. यंत्रं वाटली गेली, काही शेतकऱ्यांनी पेंढा विकला, गाडला. फक्त नव्वद टक्के नाही.

## ढग, धुकं, धूळ की धूर?

इथवर आगीचं झालं. धुराचं प्रकरण निराळं आहे, कारण तो हलतो, पसरतो, धुक्यात मिसळतो, आणि वरून बघताना सगळंच पांढरं-करडं दिसतं.

पहिली खूण रंगाची. धुराचे कण फार बारीक असतात, बहुतेक अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान. असे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लांब लहरींना जवळपास अडवतच नाहीत. म्हणून साध्या रंगीत चित्रात दाट दिसणारा धूर २ मायक्रॉनच्या चित्रात चक्क गायब होतो आणि खालची शेतं दिसू लागतात. ढग आणि धुकं पाण्याच्या थेंबांचं बनलेलं असतं. थेंब धुराच्या कणापेक्षा कितीतरी मोठे, ते दोन्ही चित्रांत पांढरेच राहतात. एकाच क्षणाची दोन चित्रं शेजारी लावली की हा फरक नवख्यालाही कळतो.

दुसरी खूण अतिनील किरणांची. धुरातली काजळी आणि वाळवंटी धूळ अतिनील किरण शोषतात, पाण्याचे थेंब शोषत नाहीत. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण यावरून नकाशा काढतं. पांढऱ्या ढगांवरून वाहणारा धूरसुद्धा यात उठून दिसतो. तेच उपकरण कार्बन मोनॉक्साइडही मोजतं. तो अर्धवट जळण्यातून निघतो आणि हवेत आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यामुळे कण पावसाने धुतले गेले तरी धुराची वाट मागे राहते.

धूळ आणि धूर वेगळे करायला कणांचा आकार आणि वारा कुठून येतोय हे दोन्ही पाहतात. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई-पुण्यावर पांढरट झाकोळ आला होता, गाड्यांवर पीठ सांडल्यासारखी धूळ बसली होती. अनेकांनी ते प्रदूषण किंवा धुकं समजून सोडून दिलं. उपग्रहाच्या चित्रात मात्र पाकिस्तानकडून अरबी समुद्रावर आणि तिथून कोकण किनाऱ्यावर आलेला धुळीचा पट्टा स्पष्ट होता.

उलट चूकही होते, आणि ती गंभीर असते. धुरकं फारच दाट झालं की संगणकाची आज्ञावली त्याला ढग समजते आणि ती जागा गाळून टाकते. म्हणजे ज्या दिवशी हवा सगळ्यात घाण, नेमक्या त्या दिवशी नकाशावर कोरी जागा! कोरी जागा म्हणजे स्वच्छ हवा असं वाचणारे कमी नाहीत.

## आकड्यातला धूर आणि सोसायटीचं मीटर

चित्र पाहून ‘दाट आहे’ म्हणता येतं, पण किती? त्यासाठीच्या मापाला एओडी म्हणतात. वातावरणातल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला, त्याचं ते माप. ०.१ म्हणजे छान निळं आकाश. १ म्हणजे डोक्यावरच्या सूर्याचा साधारण ३७ टक्के प्रकाशच सरळ खाली पोचतो. २ झाला की १४ टक्क्यांच्या आत. गंगेच्या मैदानात नोव्हेंबरात १ ओलांडणं नवलाचं नाही.

मात्र एओडी म्हणजे आपण श्वासात घेतो तो धूर नव्हे. सात मजली सोसायटीला महानगरपालिकेचं एकच मीटर असतं. महिन्याला किती पाणी आलं ते त्यावर कळतं. तळमजल्यावर नळाला धार होती की नाही, हे त्या मीटरवरून कधीच कळत नाही. एओडी हे तसं मीटर आहे. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचे सगळे कण त्यात एकत्र धरलेले असतात. आपण मात्र तळमजल्यावर राहतो.

जमिनीलगतच्या कणांचं माप म्हणजे पीएम २.५, एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते. भारतात त्याची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती १५ असावी. एकाच एओडीला पीएम २.५ एका दिवशी ८० असेल आणि दुसऱ्या दिवशी ३००, असं सहज होतं. घुसळणीचा थर किती उंच, हवेत दमटपणा किती, यावर ते ठरतं. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच कणांचा एओडी वाढतो.

## धूर किती उंचावरून चाललाय?

याचं उत्तम उदाहरण कॅनडाने दिलं. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथली सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन वणव्यांत जळाली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मी. ७ जूनला क्वेबेक प्रांतातल्या आगींचा धूर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीवर उतरला, भर दुपारी आकाश नारिंगी झालं. एडिसन-जर्सी सिटीकडच्या मराठी मंडळींचे त्या दिवसाचे फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आले असतील. त्याच महिन्याच्या शेवटी कॅनडाचाच धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनवर पोचला. उपग्रहाच्या चित्रात तोही दाट दिसत होता. पण तिथे तो बराच उंचावरून वाहत होता, लोकांना मुख्यतः मंद सूर्य आणि लालसर संध्याकाळ दिसली. न्यूयॉर्कमध्ये मात्र किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवतीच्या वाऱ्यांनी धूर सरळ दक्षिणेला आणि जमिनीलगत ढकलला होता.

उंची मोजायला लिडार वापरतात. उपग्रहातून लेसरचा झोत खाली सोडायचा आणि कणांवर आपटून परत यायला त्याला किती वेळ लागला ते मोजायचं. कॅलिप्सो या उपग्रहाने हे काम २००६ ते २०२३ केलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर हा उपग्रह याच कामासाठी अवकाशात गेला. पण लेसरची रेघ फार अरुंद असते. ज्या रेघेवरून उपग्रह गेला तेवढंच कळतं, शेजारच्या जिल्ह्याचं नाही.

## ‘मग जमिनीवरची यंत्रं काय वाईट?’

काहीच वाईट नाहीत. नाकाच्या उंचीवरची हवा तीच मोजतात, आणि उपग्रहाचे आकडे शेवटी त्यांच्याशीच ताडून बघावे लागतात. पण ती थोडी आहेत आणि शहरांत दाटलेली आहेत. संगरूर-भटिंड्याच्या ज्या गावात आग लागते तिथे बहुधा यंत्रच नसतं. धूर कुठून निघाला, कुठल्या वाटेने आला हे एका चौकातलं यंत्र सांगू शकत नाही.

म्हणून दोन्हींची सांगड घालतात, आणि हे काम पुण्यात चालतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, आयआयटीएममध्ये, २०१८ पासून दिल्लीसाठी हवेच्या पूर्वसूचनेची यंत्रणा चालवली जाते. उपग्रहावरून आलेले आगीचे ठिपके, एओडी, जमिनीवरच्या केंद्रांचे आकडे आणि वाऱ्याचा अंदाज हे सगळं एका संगणकी प्रतिमानात घालतात. त्यातून पुढच्या काही दिवसांची हवा आणि कुठल्या स्रोताचा वाटा किती, याचा अंदाज निघतो. या हिशेबात १ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये शेतातल्या आगींचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास निघाला.

आता वरचा दीड वाजताचा घोळ इथे जोडून बघा. प्रतिमानाला आगी कमी दिल्या तर ते धूरही कमी सांगणार. मग शेताचा वाटा कमी दिसतो आणि उरलेला धूर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतो. मोजणीतली चूक अशी पुढे सरकत धोरणापर्यंत जाते.

## म्हणजे दिल्लीचं सगळं पाप शेतकऱ्याचंच?

नाही. हंगामातल्या मोजक्या दिवसांत वाटा मोठा, बहुतेक दिवशी तो एक आकडी किंवा दहा-वीस टक्क्यांत, आणि डिसेंबर-जानेवारीत शेतं हिरवी झाली तरी दिल्लीची हवा घाणच असते. तो वाहनांचा, उद्योगांचा, बांधकामांचा, शेकोट्यांचा आणि थंडीत न हलणाऱ्या हवेचा मामला आहे. सीमेपलीकडे लाहोरची गतही तीच. मुंबईचं हिवाळी धुरकंसुद्धा मुख्यतः स्थानिक असतं. खारा वारा उशिरा सुटला की आपलीच धूळ आणि आपलाच धूर आपल्यावर साचतो. त्याचं खापर पंजाबवर फोडणारे संदेश पुढे पाठवू नयेत.

## स्वतः बघायचं असेल तर

हे सगळं फुकट आणि खुलं आहे. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर तारीख निवडली की त्या दिवसाचं चित्र येतं. टेरा उपग्रहाचं सकाळचं आणि सुओमी-एनपीपीचं दुपारचं अशी दोन्ही लावून मधल्या तासांत धूर किती सरकला ते बघता येतं. आगीच्या ठिपक्यांसाठी फर्म्स हे नासाचंच दुसरं संकेतस्थळ आहे. तिथे माहिती साधारण तीन तासांत चढते. ठिपक्यावर टिचकी मारली की वेळ दिसते, पण ती ग्रीनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ८ वाजून ५ मिनिटं दिसलं तर आपल्याकडे दुपारचे १ वाजून ३५ मिनिटं.

फर्म्सवर फेब्रुवारी ते मे महिन्यांत महाराष्ट्र उघडून बघा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांत ठिपके दिसतील. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूच्या नव्या पालवीसाठी आग लावतात, आणि ती हाताबाहेर गेली की वणवा होतो. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण याच व्हिअर्सच्या ठिपक्यांवरून वनखात्याला मोबाइलवर इशारे पाठवतं. जंगलातली आग तासन् तास, कधी दिवसभर चालते, म्हणून तिथे दीड वाजताची फेरी पंजाबपेक्षा बरीच जास्त उपयोगी पडते. रात्रीची दीडची फेरीही कामाची, कारण तेव्हा उन्हाचं परावर्तन आड येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातलं उसाचं पाचट आणि कोकणातली राबाची भाजणी मात्र यात फार थोडी सापडेल. क्षेत्र लहान, आग थोड्या वेळाची, आणि बरेचदा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी लावलेली. कोल्हापूर-साताऱ्याच्या नकाशावर ठिपके कमी दिसले, तर पाचट जाळणं थांबलं असं समजण्याआधी सेंटिनेल-२ च्या चित्रात काळे डाग शोधावेत.